दोनशे रुपयांचे पार्टनर

महिन्याच्या शेवटी सॅलरी स्लिप मेलवर येते आणि आपण सगळे तिच्यातला एकच आकडा बघतो. सगळ्यात खालचा, ठळक टायपातला, हातात पडणारा. पीएफ किती कापला, टीडीएस जास्तच गेला का, यावर फार तर कँटीनमध्ये चहा संपेपर्यंत चर्चा होते. पण याच कपातींमध्ये एक बारकीशी ओळ असते आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. प्रोफेशन टॅक्स, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे झाले अडीच हजार.

गंमत बघा. पगार पन्नास हजार असो की पाच लाख, रक्कम तीच. घटनेच्या २७६ व्या कलमात या कराला वर्षाला अडीच हजारांची कमाल मर्यादा घातलेली आहे आणि ती १९८८ पासून जागची हललेली नाही. त्यामुळे टीम लीड आणि त्याच्या हाताखालचा फ्रेशर, दोघंही सारखेच पैसे भरतात. (बायकांना मात्र २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंतच्या पगाराला सूट आहे.) राग यावा इतकी मोठी रक्कम नाही, आनंद वाटावा असं त्यातून काही मिळालेलंही दिसत नाही. म्हणून आपण तिकडे बघतच नाही.

आज मला तिकडेच बघायचंय. कारण ही ओळ वाकड, पवई किंवा ठाण्याच्या फ्लॅटमधून निघते आणि जाते थेट बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात. आणि 'सरकारने धंद्यात, नव्या कल्पनांमध्ये पडावं का?' हा जो आपल्या पार्ट्यांमध्ये दुसऱ्या पेगनंतर निघणारा सनातन विषय आहे, त्याचं बरंचसं उत्तर त्या डोंगरात सापडतं.

बहात्तरची देणगी

हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला. त्याच्या मागे होता बहात्तरचा दुष्काळ. तुमचं मूळ गाव मराठवाड्यात असेल तर आजीला नुसतं 'बहात्तर' म्हणून बघा. ती सुकडी, लाल मिलो ज्वारी आणि खडी फोडायच्या हातोड्यांबद्दल बोलायला लागेल. मे १९७३ मध्ये राज्यभरात सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पन्नास लाख! रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग. ज्या शेतकऱ्याच्या दारात गडी असायचे, तोही रांगेत उभा राहून हजेरी लावत होता.

त्याआधी, साठच्या दशकात, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक छोटा प्रयोग करून पाहिला होता. कल्पना साधी होती. गावात जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं. दुष्काळाने त्या कल्पनेला राज्याची योजना केलं. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागणं हा कायद्याने हक्क ठरला. भारतात तर हे पहिल्यांदा घडत होतंच, जगातही याला फारशा जोड्या नव्हत्या. पुढे २००५ मध्ये दिल्लीने जो राष्ट्रीय रोजगार हमी कायदा केला, त्याची रंगीत तालीम महाराष्ट्रात आधीच पंचवीस-तीस वर्षं चालू होती. (त्या राष्ट्रीय कायद्याच्या जागी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला. शंभर दिवसांचे सव्वाशे झाले आणि खर्चाचा मोठा वाटा राज्यांवर आला. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

या सगळ्याला पैसा कुठून आणायचा? तर जिथे पगार मिळतो तिथून. शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर प्रोफेशन टॅक्स बसला. सोबत मोटारींवर, विक्रीकरावर, बागायती जमिनींवर जादा आकारणी झाली. आणि या करांतून जितके पैसे जमतील तितकेच सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायचे, असा हिशेब ठरला. थोडक्यात, फोर्टातल्या बँकेतला कारकून आणि पाटोद्यातला मजूर एका पासबुकावर आले. दोघांनाही ते कधी कुणी सांगितलं नाही, हा भाग वेगळा.

सीड फंडिंग, अगदी शब्दशः

आता खरी गोष्ट. १९९० पर्यंत रोजगार हमी म्हणजे खडी आणि माती, हे समीकरण पक्कं झालं होतं. लोक रस्ता करायचे, पावसात तो वाहून जायचा, पुढच्या वर्षी पुन्हा तोच रस्ता. विनोदाचा विषय झाला होता. त्या वर्षी, शरद पवार मुख्यमंत्री असताना, सरकारने रोजगार हमीला फळबागा जोडल्या. एवढ्या एका जोडणीने काय बदललं ते नीट बघू.

आधी रोजगार हमीचं काम म्हणजे सार्वजनिक जागेवरचं काम. आता छोट्या शेतकऱ्याने स्वतःच्याच शेतात खड्डे खणायचे, कलम किंवा रोप लावायचं, पाणी घालायचं, आणि त्याची मजुरी हमीच्या पैशातून मिळवायची. रोपांचा, खताचा खर्चही अनुदानात. पण पैसे एकरकमी नाहीत. तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि झाडं जगलेली दिसली तरच पुढचा हप्ता.

ओळखीचं वाटतंय ना? स्टार्टअपवाले यालाच माइलस्टोनप्रमाणे मिळणारं फंडिंग म्हणतात. इथे सीड फंडिंगमधलं सीड खरोखर मातीत जात होतं, एवढाच फरक.

ही तीन वर्षं महत्त्वाची का, तर नव्या गोष्टीत सगळ्यात महाग असते ती वाट बघणं. सीताफळाचं झाड लावलं की तीन-चार वर्षं काही देत नाही आणि भरघोस फळ यायला त्याहूनही वेळ लागतो. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे, तो तेवढी वर्षं खाणार काय? तो दरवर्षी बाजरी किंवा कपाशी लावतो, कारण त्यात चार महिन्यांनी काहीतरी हातात येतं, निदान यायची आशा तरी असते. त्याला फळबागेचं गणित कळत नाही, असं मुळीच नाही. आपल्याकडे रिकामा फ्लॅट चार वर्षं भाड्याशिवाय ठेवायची ऐपत किती जणांची असते? तसंच ते. बँक झाडावर कर्ज द्यायला बिचकते, सावकार देतो पण त्याचं व्याज झाडापेक्षा वेगाने वाढतं. मग मधली तीन वर्षं अंगावर घेणारा कोणीतरी लागतो. महाराष्ट्रात ती सरकारने घेतली.

परिणाम? १९९० च्या सुमारास राज्यात फळबागांखाली अडीच लाख हेक्टरच्या आसपास जमीन होती. पुढच्या दीड-दोन दशकांत ती दहा लाखांच्या पुढे गेली. कोकणात काजू आणि हापूस, नाशिक-सोलापूरकडे डाळिंब, जालन्याकडे मोसंबी. आणि बीडच्या डोंगराळ पट्ट्यात सीताफळ.

सीताफळच का, याचं उत्तर बालाघाटात फिरलं की लगेच मिळतं. मुरमाड, उथळ जमीन. पाऊस आला तर आला. बाकीची झाडं जिथे मान टाकतात, तिथे सीताफळ तग धरतं. त्याची पानं शेळ्या तोंडाला लावत नाहीत, म्हणजे कुंपणाचा खर्चही वाचला. डोंगरात ते आपोआप उगवायचंच, धारूर-अंबाजोगाईकडची पोरं रानातून पाट्या भरून आणून स्टँडवर विकायची. योजनेनं रानातलं झाड सातबाऱ्यावर आणलं. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे, तिथून 'धारूर ६' नावाचा निवडक वाण बाहेर पडला. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. दार्जिलिंगच्या चहाला जो आहे, तोच.

फोनमधलं सरकार

आता कोणी म्हणेल, शेतीला सरकार लागतं, कबूल. पण आमच्या आयटीत? तिथे तर सगळं टॅलेंटवर चालतं, बॉस!

टॅलेंट आहेच. पण जरा आजूबाजूला बघा. हिंजवडीचं आयटी पार्क उभं आहे ते एमआयडीसीने संपादन केलेल्या जागेवर. एमआयडीसी म्हणजे १९६२ ची सरकारी संस्था. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना १९९१ ची. त्या छत्राखालच्या कंपन्यांना निर्यातीच्या नफ्यावरची आयकर सवलत ३१ मार्च २०११ पर्यंत चालू होती. एकेका युनिटला दहा-दहा वर्षं. सीताफळाला तीन वर्षं, सॉफ्टवेअरला दहा. तक्रार म्हणून सांगत नाही, दोन्ही पैसे सत्कारणी लागले असंच माझं मत आहे. फक्त सबसिडी हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यासमोर धोतर-टोपीच का येते, एवढाच प्रश्न.

सातासमुद्रापलीकडेही हीच कथा आहे. इटालियन-अमेरिकन अर्थतज्ज्ञ मारियाना मात्सुकातो यांनी २०१३ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात आयफोन उलगडून दाखवला. इंटरनेटचं मूळ १९६९ च्या अर्पानेटमध्ये, ज्याचा खर्च अमेरिकेच्या संरक्षण खात्याने केला. जीपीएसही त्याच खात्याचं. सिरीच्या मागचं संशोधनही सरकारी पैशातून सुरू झालेलं. स्टीव्ह जॉब्सची कमाल अशी की त्याने हे सगळं एका देखण्या डबीत बसवलं. पण ज्या काळात या गोष्टी चालतील की नाही याची कोणालाच खात्री नव्हती, त्या काळात बुडायची तयारी ठेवून पैसे घालणारं सरकारच होतं.

म्हणजे सरकार हुशार असतं असं नाही. आरटीओत एकदा जाऊन या, तो गैरसमज लगेच दूर होतो. सरकारची ताकद दुसरीकडे आहे. ते नुकसान लाखो लोकांत वाटून टाकू शकतं. दोनशे-दोनशे रुपये करून. तुमच्या स्लिपवर ते जाणवतसुद्धा नाही, आणि पाटोद्यात एखाद्याची तीन वर्षं निघून जातात.

झाड लावलं, पुढे?

इथपर्यंत सगळं गोड. आता बिया.

सीताफळ हे फळांमधलं सगळ्यात घायकुतीला आलेलं फळ. झाडावरून काढलं की दोन-चार दिवसांत मऊ पडतं, मग ते ट्रकने मुंबईला जाईपर्यंत रबडी होते. गर काढून ठेवावा तर तो काळा पडतो, त्याला लगेच थंडगार करून गोठवावं लागतं. तुम्ही लग्नात जी सीताफळ बासुंदी दोन वाट्या चापता किंवा जूनमध्ये जे सीताफळ आइसक्रीम खाता, ते गोठवलेल्या गराशिवाय शक्यच नाही. म्हणजे खरा पैसा आहे फळ काढल्यानंतरच्या दोन दिवसांत. शीतगृह, गर काढायचं युनिट, विजेची खात्री, वेळेवर गाडी.

झाड लावायला सरकारने जेवढा उत्साह दाखवला, तेवढा या दोन दिवसांसाठी दाखवला नाही. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या बाईला जो भाव मिळतो आणि आइसक्रीमच्या कपावर जो छापलेला असतो, त्यांच्यामधलं अंतर तिथेच तयार होतं. रेल्वेचंच बघा. नगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. निम्मा खर्च राज्याने उचलायचं ठरलं. बीड शहरात पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं! सीताफळाला दोन दिवस थांबवत नाही, रेल्वेला तीस वर्षं थांबवलं.

आणि ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याला फळबागेचं अनुदान काय कामाचं? योजनेचा लाभ शेवटी जमीनवाल्याला. त्यातही ज्याच्या विहिरीला पाणी, त्याचं झाड आधी जगतं. हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे.

मधल्या काळात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आणखी एक मजेदार गोष्ट घडली. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळे गावच्या नवनाथ कसपटे या शेतकऱ्याने 'एनएमके १' उर्फ गोल्डन हा सीताफळाचा वाण स्वतः निवडून तयार केला. गर जास्त, बिया कमी, टिकाऊपणा बरा. कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेत नाही, स्वतःच्या बागेत. मग सरकारचा संबंध काय? तर २००१ चा वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा. त्याखाली या वाणाची नोंदणी झाली. शोध शेतकऱ्याचा, पण तो त्याचाच आहे हे सांगणारा शिक्का सरकारचा. कधी सरकारने पैसे घालावेत, कधी नुसता नियम करून बाजूला उभं राहावं. दोन्हीला सरकारच लागतं.

बीड पॅटर्न

नवी कल्पना म्हणजे नवं फळ किंवा नवं ॲप, असंच आपण धरून चालतो. बीडने देशाला जी कल्पना दिली ती मात्र एका फॉर्म्युल्याची आहे. ८०:११०.

झालं असं की पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून आली. शेतकऱ्याने खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के भरायचे, रब्बीला दीड, नगदी पिकांना पाच. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरणार. विमा मात्र कंपन्या काढणार. बीडसारख्या जिल्ह्यात कंपन्यांचं गणित बसेना. दर दोन-तीन वर्षांनी दुष्काळ, भरपाईचे आकडे मोठे. २०२० च्या खरिपात टेंडर काढलं तर बीडसाठी एकही कंपनी पुढे आली नाही. एका अख्ख्या जिल्ह्याला बाजाराने सरळ सांगितलं, तुमची जोखीम आम्हाला नको.

तेव्हा राज्याच्या कृषी खात्याने नवा करार मांडला आणि सरकारी मालकीच्या भारतीय कृषी विमा कंपनीने तो घेतला. कंपनीची जबाबदारी जमलेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतच. त्यापुढे नुकसान गेलं तर वरचे पैसे राज्य सरकार देणार. उलट वर्ष चांगलं गेलं आणि भरपाई कमी द्यावी लागली, तर कंपनीने हप्त्याच्या २० टक्के स्वतःकडे ठेवायचे आणि उरलेले सरकारला परत करायचे. म्हणजे कंपनी बुडणार नाही आणि कुणाच्या दुर्दैवावर गब्बरही होणार नाही. तोट्याला टोपी, नफ्यालाही टोपी. २०२१ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी हा पॅटर्न राज्यभर लावू द्या अशी मागणी पंतप्रधानांकडे केली आणि २०२२ च्या खरिपापासून तो महाराष्ट्रभर आला. ज्या जिल्ह्याचं नाव आपण पेपरात बहुतेक वेळा वाईट बातम्यांमध्येच वाचतो, त्याच्या नावाने विम्याचा एक फॉर्म्युला ओळखला जातो, हे किती जणांना माहीत असतं?

पण त्याच कथेचा पुढचा अंकही बघायला हवा. २०२३ च्या खरिपापासून राज्याने 'एक रुपयात पीकविमा' आणला. शेतकऱ्याचा हिस्सा फक्त एक रुपया, बाकी सगळं सरकारचं. ऐकायला मस्त. झालं काय, तर बनावट अर्जांचा पूर आला. दुसऱ्याच्या जमिनीवर, इतकंच काय सरकारी जमिनीवरसुद्धा विमे उतरवले गेले. या प्रकरणात बीडचं नाव सगळ्यात पुढे होतं. २०२५ च्या खरिपात एक रुपयाची योजना बंद झाली आणि शेतकऱ्याचा जुना हिस्सा परत आला.

दोन्ही योजनांत जोखीम सरकारनेच घेतली होती. मग एक टिकली आणि दुसरी का घसरली? माझ्या मते उत्तर फळबागेच्या त्या हप्त्यांमध्ये आहे. झाड जगलं का, हे बघायला कोणीतरी शेतात जात होतं. समोर झाड असेल तर पैसे, नाहीतर नाही. ८०:११० मध्ये नफ्यातोट्याचा हिशेब आधीच कागदावर होता. एक रुपयात मात्र घालणाऱ्याचं काही जात नव्हतं आणि बघणारा कोणी नव्हता. सरकारने जोखीम घ्यावी, जरूर घ्यावी. पण ती घेतली की डोळे उघडे ठेवायचे पैसेही त्यातच धरावे लागतात.

सरकार नसतं तेव्हा

सरकारने यात पडूच नये, बाजार बघून घेईल, असं म्हणणाऱ्यांनी दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही फाट्यावर उभं राहावं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, वर बसलेली पोरं, बाजूला बांधलेली शेळी. ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. लाखो माणसं, चार-पाच महिन्यांसाठी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम त्यांना आधीच पैसे देतो, त्याला 'उचल' म्हणतात. हल्ली ती लाखाच्या घरातही जाते. उचल फिटेपर्यंत तोडायचं. एक दिवस नाही गेलं तर 'खाडा', त्याचे पैसे कापले जातात.

थोडा विचार केला तर उचल हेही एक प्रकारचं फंडिंगच आहे. आगाऊ पैसे, भविष्यातल्या कामावर. फक्त इथे बुडायची सगळी जोखीम त्या जोडीच्या अंगावर. पाऊस पडला, आजारपण आलं, बाळंतपण आलं, हिशेब थांबत नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीचे चार दिवस खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. जोखीम कुठे नाहीशी होत नाही, मंडळी. सरकारने नाही घेतली, कंपनीने नाही घेतली, तर ती खाली खाली सरकत सगळ्यात गरीब माणसाच्या, आणि त्यातही बाईच्या, अंगावर जाऊन बसते.

आणि हे नेमकं कधी? सीताफळाचा हंगाम साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. टोळ्याही तेव्हाच निघतात. ज्या घराच्या बांधावर पंचवीस झाडं आहेत आणि गावात गर काढायचं छोटंसं युनिट आहे, तिथे निदान एका कोयत्याने तरी या वर्षी उचल घ्यायची की नाही, यावर विचार होऊ शकतो. तो विचार करायची सोय झाली, तर मी त्याला मोठा शोध म्हणेन. कुठल्याही ॲपपेक्षा मोठा.

आपण शेअरहोल्डर आहोत, तर विचारू या

कंपनीचे दहा शेअर घेतले तरी आपल्याला वार्षिक अहवाल येतो. गुळगुळीत कागदावरचा, चेअरमनच्या फोटोसकट. इथे आपण वर्षाला अडीच हजार घालतो, नोकरीची तीस वर्षं धरली तर पाऊण लाख, आणि एका ओळीचं उत्तर येत नाही. २००५ नंतर राज्यात शंभर दिवसांपर्यंतच्या मजुरीचा भार केंद्राने घेतला, त्यापुढचे दिवस राज्याने. योजनांची नावं बदलत गेली. २०१८ मध्ये राष्ट्रीय योजनेत न बसणाऱ्या शेतकऱ्यांसाठी भाऊसाहेब फुंडकरांच्या नावाने फळबाग योजना आली, त्यातही तीन वर्षांचे हप्ते आणि झाड जगण्याची अट आहेच. कपात मात्र त्याच तारखेला, तेवढीच होत राहिली.

तेव्हा पुढच्या वेळी आमदार सोसायटीच्या पूजेला आले की पार्किंग आणि पाण्याच्या टँकरबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा. या वर्षी प्रोफेशन टॅक्समधून किती जमले? त्यातले रोजगार हमीवर आणि फळबागांवर किती गेले? आणि झाड लावून झाल्यावरच्या दोन दिवसांसाठी, म्हणजे शीतगृहासाठी, गरासाठी, गाडीसाठी, किती ठेवलेत? उत्तर लगेच येणार नाही. आमदारांच्या पीएला ते शोधायला लागेल. शोधू दे.

आणि तुमचं गाव आष्टी, पाटोदा, धारूर, अंबाजोगाईकडचं असेल तर दिवाळीला जाताना गाडीत एक रिकामी पाटी टाका. फाट्यावरच्या बाईकडून सीताफळं घ्या, घासाघीस करू नका. घरी आणल्यावर कडक आहेत म्हणून फ्रीजमध्ये ढकलू नका, थंडीने ती पिकायची थांबतात आणि काळी पडतात. तांदळाच्या डब्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवा, डोळे उघडले की समजायचं आज रात्रीच. बिया मोजायच्या भानगडीत पडू नका. त्या मोजणारं एक केंद्र अंबाजोगाईत आहे आणि ते आपल्याच पैशांवर चालतं.